बुडीत गावाचा मानकरी

बाळारामच्या दुःखाला वसाहतीत मान होता. तो त्याने कुणाकडे मागितला नव्हता, पण एकदा मिळाल्यावर सोडलाही नव्हता.

धरणात गेलेल्या गावाची माणसं टोकावड्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, माळावर आणून सोडली, त्याला आता वीसेक वर्षं होऊन गेली होती. बुडालं सगळ्यांचंच होतं. कुणाचं शेत, कुणाचा गोठा, कुणाचं नुकतंच शाकारलेलं घर. पण सांगता यायचं ते एकट्या बाळारामला. त्यामुळे मुरबाडहून पत्रकार येवो, कल्याणहून कॉलेजची पोरं शिबिराला येवोत, नाहीतर नवा तहसीलदार जुनं आश्वासन घेऊन येवो, विहारातली लोखंडी खुर्ची बाळारामच्या ओटीवर जायची, त्याची बायको भीमाबाई चहाचं आधण ठेवायची आणि बाळाराम घसा साफ करायचा.

"आधी पिंपळाचा पार गेला," अशी त्याची सुरुवात. मग विहिरीचा कठडा. मग पाणी उंबऱ्याशी आलं, तरी त्याची आई चुलीपुढून उठेना. इथे बाळाराम थांबायचा. किती थांबायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं: समोरच्याच्या ओठाशी गेलेली बशी खाली येईल, एवढं. मग हळूच म्हणायचा, "चूल आमीच विझवली, साहेब. पाण्याला विझवू दिली नाय." ह्या वाक्यावर एका तहसीलदाराने रुमाल काढून डोळे टिपले होते. पाण्याचा नळ मात्र त्यानेही दिला नाही.

असा सगळा कारभार सुरळीत चाललेला असताना विनू आला.

त्याला कल्याणच्या भंतेजींनी आणून विहारामागच्या खोलीत ठेवलं. माणूस ब्रह्मदेशचा. खरं नाव मौंग विन. वसाहतीच्या तोंडात ते बसेना म्हणून आठवड्याभरात विनू झाला. तिथल्या लष्कराच्या तावडीतून पळाला, मिझोरामच्या डोंगरांतून उतरला, दिल्लीला पोचला आणि तिथल्या युनोच्या कचेरीने त्याला एक कार्ड दिलं. कार्डावर फोटो, शिक्का आणि मजकूर असा की हा माणूस निर्वासित आहे, ह्याला त्याच्या देशात परत धाडू नये. वसाहतीजवळच्या भातगिरणीवर तो पोती उचलायला लागला.

बाळारामने ते कार्ड पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा उलटसुलट करून बराच वेळ बघितलं. "आमच्या रेशनकार्डावर अजून जुन्या गावाचं नाव हाय," तो म्हणाला. "गाव नकाशात नाय, कार्डात हाय. ह्याला मात्र दिल्लीचा शिक्का."

"तुला कशाला पायजे, बाळादा?" गिरणीवरचा मंगळू म्हणाला. "तुला कोण परत धाडतोय? धाडलं तरी पोहत जाशील."

मंगळूचा विनूशी वेगळा हिशेब होता. विनू आल्यापासून गिरणीच्या शेठने हमाली वाढवायचं नाव घेणं सोडलं होतं, कारण एक हात जास्त झाला होता. दुसरीकडे, विनूच्या खोकल्यासाठी भंतेजी डॉक्टर घेऊन यायला लागले आणि त्या येण्या-जाण्यात मंगळूच्या म्हातारीचा मोतीबिंदू निघाला. म्हणून मंगळूच्या मनात विनू कधी खर्चाला पडायचा, कधी जमेला. बाळारामकडे जमेची बाजूच नव्हती.

कारण पुढच्याच शिबिराला कॉलेजची पोरं त्याच्या ओटीवरून नुसता नमस्कार करून पुढे गेली. त्यांना बर्मावाला बघायचा होता. खुर्ची तिकडे गेली. आणि थोड्या वेळाने भीमाबाईही हातात चहाची किटली घेऊन निघाली.

"तू पण गो?"

"पाव्हणे बसतील तिथं चहा जाणार. इथं काय, तुमी एकटेच."

त्या दिवसापासून बाळाराम विनूवर नजर ठेवायला लागला. सवत सवतीवर ठेवते, तशी. तो कसा चालतो, कसा झोपतो, कुणाशी हसतो, सगळं त्याला पाठ झालं. रात्री जेवताना तो भीमाबाईला त्याचा अहवाल द्यायचा.

"बघितलंस, कसा जेवतो? कुणी ताट ओढून नेतंय जसं काय."

"माझ्या ताटात काय असतं ते इतक्या वर्षांत कधी बघितलं नाय तुमी," भीमाबाई म्हणायची. "त्याच्या ताटातलं बरं दिसतं."

दोन वर्षं अशी गेली. मग भंतेजींनी निरोप आणला. विनूच्या कार्डाची मुदत संपत होती. दिल्लीच्या कचेरीचं इकडचं काम मुंबईची एक संस्था बघायची, तिथून श्वेता मॅडम येणार होत्या. त्या विचारतील, तुझ्यावर काय गुदरलं, आणि परत का जाता येत नाही. जबाब पटला तर कार्ड पुढे चालू. नाही पटला तर कार्ड गेलं, आणि कार्ड नसलेल्या परदेशी माणसाला पोलीस सरळ सीमेवर नेऊन सोडतात. ब्रह्मी बोलणारा दुभाषा दिल्लीत होता, तो काही टोकावड्याला यायचा नव्हता. विनूला मराठी येतं असं कळलं होतं, तेव्हा मराठीतच विचारणार होत्या.

"येतं म्हणजे काय येतं," मंगळू म्हणाला. "पोतं, काटा, कोंडा, उचल, ठेव. एवढ्यावर दिल्ली कशी ऐकणार?"

भीमाबाईने नवऱ्याकडे बघितलं. "साहेबांपुढं बोलायची सवय तुमालाच. शिकवा की जरा."

बाळाराम आढेवेढे घेत तयार झाला, पण मनातून फुलला. शेवटी लोक त्याच्याच दारी आले होते. रोज संध्याकाळी त्याने विनूला ओटीवर बसवलं. विनूने पहिल्या दिवशी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाला, "तुझं नंतर. आधी बोलायचं कसं ते शिक." आणि नमुना म्हणून त्याने आपलंच सगळं सांगितलं, पिंपळापासून चुलीपर्यंत. ह्यात नुसतं शिकवणं नव्हतं. दुःख म्हणजे काय, हे त्या पोराला एकदा दाखवायचंही होतं. विनू मान खाली घालून ऐकायचा आणि मग हळूहळू म्हणून दाखवायचा. घर, उंबरा, सुटलं, बुडालं, आई उठेना. हे शब्द गिरणीत मिळत नव्हते. बाळारामने दिले ते त्याने घेतले.

मॅडम आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, खांद्याला झोळी, झोळीत जाड फाइल. विहाराच्या ओसरीवर बसल्या. वसाहत आजूबाजूला जमली. बाळाराम पायरीवर बसला. बाजूला, पण ऐकू येईल असा.

"सांगा, विन. सावकाश सांगा."

विनूने हात जोडले. "आधी पिंपळाचा पार गेला," तो म्हणाला.

मंगळूला ठसका लागला. विनू थांबला नाही. विहिरीचा कठडा गेला. पाणी उंबऱ्याशी आलं. आई चुलीपुढून उठेना. इथे तो गप्प झाला, आणि अगदी तेवढाच गप्प राहिला. मॅडमनी ओठाशी नेलेली बशी खाली ठेवली.

"चूल आमीच विझवली, म्याडम."

मॅडम लिहू लागल्या. बाळारामला आधी वाटला तो अभिमान. चेला तयार झाला होता. मग त्याचं लक्ष त्या पेनाकडे गेलं. आजवर इतके साहेब ऐकून गेले, चुकचुकले, चहा पिऊन गेले. समोर बसून शब्द न् शब्द उतरवून घेणारी ही पहिलीच. कागद दिल्लीला जाणार, दिल्लीहून युनोत जाणार. आणि त्यात त्याची आई मौंग विनच्या नावावर निघाली होती.

मॅडमनी फाइलमधलं जुनं पान काढून ताडून बघितलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "दिल्लीच्या जबाबात पाणी कुठेच नाही, विन. तिथे सैनिक आहेत. तुमच्या गावाजवळ धरण होतं?"

विनूने बाळारामकडे बघितलं. "होतं."

"कुणाचं?"

"सरकारचं."

"सरकारनं भरपाई दिली?"

"अजून नाय."

मागे कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "हे असंच लिहून पाठवलं तर कार्ड राहणार नाही," त्या म्हणाल्या. "जबाब बदलला की कचेरी माणसाला खोटा धरते." विनूला सगळं कळलं नाही, पण फाइल मिटलेली कळली.

बाळाराम गप्प बसला असता तर काम आपसूक झालं असतं. विनू गेला असता, पाहुणे परत त्याच्या ओटीवर आले असते. हा विचार त्याच्या मनात आलाच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. आला, आणि थोडा वेळ बसूनही राहिला. पण दिल्लीला निघालेली आई त्याला सोसेना.

"म्याडम, ते माझं हाय."

"काय तुमचं?"

"पिंपळ माझा. पाणी माझं. ती बाई माझी आई. ह्याचं त्यात काय नाय. खोडा ते."

"म्हणजे तुम्ही पढवलंत ह्यांना?"

"कसं बोलायचं ते शिकवलं. ह्यानं काय बोलायचं ते पण उचललं."

"मग ह्यांचं स्वतःचं काय आहे?"

बाळारामने तोंड उघडलं आणि त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला ठाऊक नाही. दोन वर्षांत विचारलंच नव्हतं. पण सगळी वसाहत बघत होती, आणि गप्प बसणं त्याला जमणारं नव्हतं. "ते मला ठाऊक नाय," तो म्हणाला. "पण माणूस सरळ नाय, एवढं सांगतो."

"अवो," भीमाबाई म्हणाली.

"थांब गो. उजव्या खांद्यावर हा पोतं घेत नाय. शेठ शिव्या घालतो तरी नाय. खाकी कपडा दिसला की पळाला; मग तो जंगलखात्याचा गार्ड असो नायतर एसटीचा कंडक्टर. एकदा पोस्टमन आला तर दुपारभर कोंड्याच्या ढिगात दडून. झोपताना चपला पायात. विहाराच्या खोलीत, म्याडम, कितीदा बोललो. आणि शेताच्या बांधावरनं जायचं तर कधी पुढं चालणार नाय. आपण पुढं, हा मागं, आपण पाऊल उचललं की तिथंच पाऊल ठेवणार. सरळ माणूस असा चालतो?"

मॅडमनी फाइल पुन्हा उघडली होती. "पुढे चालत नाहीत?"

"कधीच नाय. मी दोन वर्षं बघतोय."

त्यांनी विनूला खांदा दाखवायला सांगितला. सदऱ्याखाली, उजव्या खांद्यावर, चार बोटं रुंदीच्या पट्ट्याने कातडी सोलून पुन्हा भरून आल्याचा वण होता. मग त्यांनी जुनं पान मोठ्याने वाचलं. लष्कर गावात शिरलं. दारूगोळ्याचं ओझं वाहायला माणसं धरून नेली. वाटेत सुरुंग असला तर आधी त्यांच्या पायाखाली फुटावा म्हणून त्यांना सैनिकांच्या पुढे चालवलं.

"आता तुमच्या शब्दांत, विन. जे येतील ते."

विनूने बाळारामकडे बघितलं नाही. "पोतं होतं. गोळ्यांचं," तो म्हणाला. "उचल म्हणाले. चाल म्हणाले. भाऊ पुढं. जमीन फुटली. भाऊ नाय. म्हणाले, आता तू पुढं."

संपलं. मध्ये कुठे थांबला नाही, आवाज चढवला नाही, उतरवला नाही. इतकं वाईट सांगणं बाळारामने आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि तरी ओसरीवर कुणाला हलता येईना. मंगळू जमिनीकडे बघत होता. बाळारामला स्वतःचा पिंपळ एकदम लहान वाटला, आणि त्याचा त्याला राग आला.

मॅडमनी लिहून घेतलं, बाळारामने पाहिलेलं सगळं त्याच्या नावानिशी खाली जोडलं, आणि अंगठा नको म्हणत त्याची सहीच घेतली. हे पुरेसं आहे, त्या म्हणाल्या. आणि पुरलंही, दिवाळीच्या आत नवं कार्ड आलं. त्या दिवशी मॅडम उठल्या, तसा बाळाराम त्यांच्या आडवा गेला.

"माझं खोडलं ना?"

"खोडलं, काका."

"दुसऱ्या कागदावर घेता येईल?"

"आमचा कागद देशाची सीमा ओलांडून आलेल्यांसाठी असतो."

"आमी नाय ओलांडली," बाळाराम म्हणाला. "आमी घरातच होतो. पाणी आलं ओलांडून."

मॅडमनी झोळी खांद्याला लावली आणि जीपकडे गेल्या.

त्या संध्याकाळी भीमाबाईने भाकरी वाढली, तरी बाळारामने ताटाला हात लावला नाही.

"दोन वर्षं माझ्या डोळ्यांपुढं हाय," तो म्हणाला. "भाऊ होता म्हणून एकदा बोलला नाय."

"तुमी कधी गप्प बसलात, तो बोलायला?"

बाळारामने वर बघितलं. "तुला ठाऊक होतं?"

"भाऊ गेला एवढं ठाऊक होतं. कसा ते नाय."

"मग तिथं बोलली का नाय?"

"तुमी बोलू दिलंत?"

बाळारामने एक तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि तसाच हातात धरून बसला.

"तुला सांगितलं त्यानं," तो म्हणाला. "आणि मला नाय."

"मी विचारलं होतं," भीमाबाई म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी थोडं कालवण वाढलं.