पृथ्वीराजांची उंच गाडी

कात्रजच्या पलीकडचं ते गाव महापालिकेत आलं आणि पृथ्वीराजांच्या डोक्यात नगरसेवकपद शिरलं. जमिनी विकून झाल्या होत्या, बंगला झाला होता, मावतील तितक्या बोटांत अंगठ्या झाल्या होत्या. राहिलं होतं ते तिकीट. ते द्यायचं पक्षाच्या रावसाहेबांनी, आणि रावसाहेब देवळाच्या सभामंडपाच्या उद्घाटनाला येणार होते. वेशीपासून देवळापर्यंत ते ज्याच्या गाडीत बसतील त्याचं तिकीट पक्कं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगत होतं.

आता चुलतभाऊ मच्छिंद्रही तिकिटाच्या मागे, आणि त्याने गाडी उंच करून घेतलेली. भावकीतल्या माणसाची गाडी आपल्यापेक्षा चार बोटं वर? पृथ्वीराजांना अन्न गोड लागेना. त्यांनीही उंची कमीजास्त करता येणारं सस्पेन्शन बसवून घेतलं. स्प्रिंगखालची कडी पान्याने फिरवली की गाडी वर. मच्छिंद्राने दोन फेरे दिले की यांनी चार द्यायचे. शेवटी मच्छिंद्रच दमला. "म्हातारी चढंना गाडीत. ऱ्हाऊ दे तुझं तिकीट तुला," म्हणाला आणि गाडी मूळ मापावर आणून मोकळा झाला. पृथ्वीराजांनी पेढे वाटले.

बायको चैताली मूळची नारायण पेठेतली. तिने पेढा बाजूला ठेवला.

"अहो, स्प्रिंग एवढी आवळून गाडी वर उचललीत, मग चाकाला खड्ड्यात उतरायला जागा कुठे उरली? दणका सगळा बसणाऱ्याच्या कमरेत."

"तुला काय कळतंय गाडीतलं?"

"गाडीतलं नाही कळत. कंबर मात्र कालपासून शेकतेय."

"रुबाबदार गाडी जरा टणक लागतेच!" असं म्हणून पृथ्वीराजांनी आणखी एक फेरा दिला.

रावसाहेब आले. गेल्याच वर्षी त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. स्टूल आणलं, दोघांनी खालून रेटलं, तेव्हा कुठे साहेब सीटवर पोचले. मिरवणूक निघाली. आणि त्या गावात गतिरोधक वाहतुकीसाठी नव्हे, मानासाठी घालतात. ज्याच्या घरी चार पैसे, त्याच्या दारात डांबराचा ढीग. पहिल्या ढिगावर साहेबांचा फेटा छताला भिडला.

"साहेब, कसे सगळे मान वर करून बघतायत!" पृथ्वीराज म्हणाले.

दुसऱ्यावर साहेब "आई गं!" म्हणाले. तिसऱ्यावर त्यांनी दाराची कडी धरली. "थांबव! अरे, माणूस बसलाय की बटाट्याचं पोतं?"

मागून चैताली आपली जुनी, छोटी गाडी घेऊन येत होती, पूजेचं ताट आणि हार घेऊन. रावसाहेब कण्हत उतरले आणि हार मागे सारून तिच्या शेजारी जाऊन बसले.

पुढे पृथ्वीराज एकटेच, एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्याने दुतर्फा नमस्कार करत. आरशात बघावं तर मागे साहेब चक्क हसत होते. चैताली काहीतरी सांगत होती, बोटाने कुठे कचऱ्याचा ढीग दाखवत होती, कुठे टँकर. पृथ्वीराजांनी आरसाच फिरवून ठेवला.

देवळापाशी रावसाहेब कुणाचाही हात न धरता उतरले. माइक घेतला. "तुमच्या गावाचं दुखणं आज मला पहिल्यांदा कुणीतरी नीट सांगितलं. आमचं तिकीट चैतालीवहिनींना!"

टाळ्या थांबेनात. मच्छिंद्र तर शिट्ट्या मारत होता. पृथ्वीराजांना भर सभेत रडावंसं वाटलं, अगदी खरं रडावंसं वाटलं, पण अख्खं गाव बघत होतं म्हणून त्यांनीही टाळ्या वाजवल्या. रावसाहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "वहिनींना प्रचाराला तुमची मोठी गाडी लागेल. तेवढी माणसांत आणून ठेवा."

दुसऱ्या दिवशी पृथ्वीराज अंगणात गाडीखाली आडवे होते, हातात पाना, अंगठ्या ग्रीसने बरबटलेल्या. काल "दादा, दादा" करणारा उत्तरेश्वर कार्यकर्ता खाली वाकला.

"अजून किती वेळ, भाऊ? मॅडम थांबल्यात."