चौथा रकाना

चर्चची इमारत एक आणि तिच्यात उपासनेला जमणाऱ्या मंडळ्या तीन: सकाळची, दुपारची आणि संध्याकाळची. तिघींचा देव एकच असल्यामुळे त्या बाबतीत वाद नव्हता. वाद खुर्च्यांचा होता. सकाळची मंडळी त्या गोलात मांडायची, दुपारची रांगेत, आणि संध्याकाळच्या मंडळीला त्या मुळात नकोच असायच्या. शिवाय आठवड्यात मधेमधे शिवणवर्ग असे, आणि हौशी नाटकवाले असत. नाटकवाल्यांना खुर्च्या चालत, पण त्या ते मोडत.

हा सगळा कारभार एकतीस वर्षं एका लांबट वहीवर चालला. ती पाळकसाहेबांच्या खोलीबाहेर खिळ्याला टांगलेली असे. तिला सुतळीने पेन्सिल बांधलेली, आणि पेन्सिलीच्या पाठीमागे किल्लीकाका. काका तिथले राखणदार. त्यांना दुसरं काही नाव असेल तर ते मतदार यादीत असावं. बाकी जगाला ते किल्लीकाका होते आणि किल्ल्यांच्या जुडग्याशिवाय कुणी त्यांना ओळखलंही नसतं.

वहीत चार रकाने होते. पहिल्यात वार आणि वेळ, दुसऱ्यात काम, तिसऱ्यात कोण येणार. चौथ्या रकान्याला मथळा नव्हता, पण खरी वही म्हणजे तोच. त्यात काका लिहीत ते कोणी येऊ नये. म्हणजे सकाळच्या मंडळीच्या गायनाचा सराव असला की चौथ्या रकान्यात दुपारच्या मंडळीच्या गायनप्रमुखांचं नाव, कारण ते दारात उभे राहून कानात बोट घालत. शिवणवर्ग असला की नाटकवाले, कारण ते कात्र्या पळवत. ज्याचं नाव चौथ्या रकान्यात, तो दाराशी आला की काकांना नेमकी किल्ली सापडत नसे. एकतीस वर्षांत तिथे भांडण झालं नाही याचं श्रेय पाळकसाहेब प्रार्थनेला देत. काका मान डोलावत.

वहीचा अंत खोडरबराने झाला. एका शुक्रवारी संध्याकाळच्या मंडळीचं मौन चिंतन आणि नाटकवाल्यांची तलवारबाजी एकाच खोलीत, एकाच वेळी झाली. कुणीतरी वहीतली नोंद खोडली होती. कुणी ते देवालाच ठाऊक, आणि तो समितीच्या बैठकांना येत नाही. मौन पाळणाऱ्यांनी ते शेवटपर्यंत पाळलं, आणि नंतर जे काय ठेवणीतलं बोलले ते पाळकसाहेबांनी ऐकलं नाही असं पाळकसाहेबांनीच सांगितलं.

इमारत समितीच्या सेक्रेटरीबाईंनी मग वही कपाटात घातली आणि ऑनलाइन कॅलेंडर आणलं. बाईंचा जन्म विमानतळावर वेळापत्रकं लावण्यात गेला होता. रोज दोनशे विमानं एकमेकांना न धडकू देणाऱ्या बाईंना तीन मंडळ्या म्हणजे चण्याफुटाण्यांसारख्या वाटल्या. सकाळची मंडळी हिरवी, दुपारची निळी, संध्याकाळची नारिंगी असे रंग त्यांनी ठरवले. काकांच्या वाट्याला करडा आला. सगळ्यांना बसवून त्यांनी तासभर शिकवलं आणि शंका विचारायला सांगितलं. चुकलं तर खोडायचं कशाने, एवढी एकच शंका काकांना होती. बाई म्हणाल्या, चुकणारच नाही.

नियमही सोपा होता. कॅलेंडरात दिसेल ते ठरलेलं आणि दिसणार नाही ती वेळ मोकळी. हे ऐकून काकांनी मंगळवार शोधला. दोन ते चार ही वेळ कुठेच दिसत नव्हती.

मंगळवारी दोन ते चार प्लंबर गायला शिकत होता.

हा प्लंबर पन्नाशीचा, दाराएवढा माणूस. गावातले निम्मे नळ त्याने बसवलेले आणि उरलेले निम्मे दुरुस्त केलेले. दहा वर्षांचा असताना सकाळच्या मंडळीच्या गायनात उभा होता, तेव्हा तिथल्या मास्तरांनी त्याला कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं की बाळ, तू नुसते ओठ हलव. बाळाने चाळीस वर्षं नुसते ओठ हलवले. गायचा तो फक्त मोरीखालच्या कपाटात डोकं घातल्यावर, आणि ते ऐकायची एकटी त्याची मुलगी, लहानपणी शेजारी बसून पाने-पकडी पुढे करणारी. आता तिचं लग्न ठरलं होतं, याच चर्चमध्ये, पाच आठवड्यांवर. तिने बापाकडे दागिना मागितला नाही, साडी मागितली नाही. मी आत येताना चार कडव्यांचं गीत तुम्हीच म्हणायचं, आणि खरं म्हणायचं, एवढंच मागितलं. आई नसलेल्या पोरीला नाही कसं म्हणणार? हो म्हणून तो थेट काकांकडे आला आणि स्टुलावर बसून घामाघूम झाला.

काकांनी ऑर्गनमावशींना गाठलं. मावशी पूर्वी शाळेत संगीत शिकवत आणि अजूनही रस्त्यात कुणी पाय घासत चालला तर त्याला थांबवत. मंगळवारी त्या दोघांना आत घेऊन काका दाराबाहेर स्टूल टाकून बसू लागले. प्लंबरला त्यांनी शब्द दिला होता की कुणाच्या कानावर जाणार नाही. कुणी ऐकून हसलं तर लग्नाच्या दिवशी पुन्हा ओठच हलतील, हे त्यांना त्याने न सांगता कळलं होतं.

आणि आता शिवणवर्गाच्या बायका म्हणत होत्या, मंगळवार दुपार मोकळीच दिसतेय की.

काका त्याच दिवशी कॅलेंडरासमोर बसले. चष्मा घरी राहिला होता. अक्षरं दिसत नव्हती, पण घरं मोजता येत होती, आणि घरं चारच होती. काकांना गहिवरून आलं. पहिल्यात मंगळवार, दोन ते चार. दुसऱ्यात एका बोटाने ‘फरशी पुसणे’. तिसऱ्यात स्वतःचं नाव. मग चौथ्या घरात, कोणी येऊ नये तिथे, त्यांनी मन मोकळं केलं. बाईंनी तिन्ही मंडळ्यांच्या याद्या तयार ठेवल्या होत्या, एकेक टिचकी मारली की सगळी मंडळी आत. काकांनी तीन टिचक्या मारल्या. शिवणवर्ग घातला, नाटकवाले घातले, सेक्रेटरीबाई घातल्या. क्षणभर विचार करून स्वतःच्या बायकोलाही घातलं, कारण काकूंच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पाव विकणाऱ्याला ठाऊक होत असे.

त्या चौथ्या घरावर काय लिहिलं होतं ते काकांनी वाचलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. त्यावर लिहिलं होतं ‘निमंत्रित’.

पुढचे चार दिवस काकांना लोक फार समजूतदार वाटले. रस्त्यात भेटणारा प्रत्येकजण मंगळवारचं लक्षात आहे म्हणत होता. तेवढं पाळा म्हणजे झालं, असं काका कृतज्ञतेने सांगत. पाळणार म्हणजे काय, अशा कामाला नाही कोण म्हणेल, असं म्हणून लोक पाठीवर थाप मारत. ही यंत्रं वाईट नसतात, असा निष्कर्ष काकांनी काढला आणि तसं काकूंना बोलूनही दाखवलं.

मंगळवारी दोन वाजता प्लंबर आणि मावशी आत गेले. दोन वाजून पाच मिनिटांनी नाटकवाले आले, खांद्यावर लांब दांड्याचे पुसणे घेऊन. आल्या आल्या त्यांतल्या दोघांनी त्याच पुसण्यांची तलवारबाजी सुरू केली. मागून शिवणवर्ग, हातात फडकी, सगळ्यांना दुमडून शिवलेल्या कडा. मग मंडळ्या: सकाळची, दुपारची, संध्याकाळची, आयुष्यात पहिल्यांदा एकाच वेळी आणि एकाच दाराशी. त्रेसष्ट माणसं आणि चाळीस बादल्या. सर्वांत शेवटी घरची बादली घेऊन काकू.

“अहो, इथली फरशी पुसायला मला निमंत्रण,” काकू म्हणाल्या, “आणि घरची पुसायला सांगितलं की तुमची कंबर धरते.”

काका उठून दाराला पाठ लावून उभे राहिले. फरशी पुसून झाली आहे, असं त्यांनी जाहीर केलं. सेक्रेटरीबाईंनी खाली वाकून दाराच्या फटीतून पाहिलं आणि ती कोरडी ठणठणीत असल्याचं जाहीर केलं. मग त्यांनी फोन काकांच्या नाकासमोर धरला. नाव काकांचं, वेळ काकांची आणि खाली त्रेसष्ट निमंत्रितांची यादी.

“तो चौथा रकाना आहे,” काका क्षीण आवाजात म्हणाले.

“मग?”

“त्यात येऊ नये त्यांची नावं असतात.”

बाई काही बोलायच्या आत आतून आवाज आला. गीताचं दुसरं कडवं होतं. आवाज जाड होता, जरा गंजलेला, बऱ्याच वर्षांनी उघडलेल्या नळाचं पाणी आधी लालसर येतं तसा, पण येत होता. बादल्यांचा खडखडाट थांबला. तलवारी खाली आल्या. सकाळच्या मंडळीतल्या एक आजीबाई चाळीस वर्षं प्लंबरच्या शेजारी उभ्या राहून गात आल्या होत्या. त्यांनी कान पुढे केला आणि हळूच म्हणाल्या, “अगंबाई, हा तर आपला.”

तेवढ्यात कुणाची तरी बादली कलंडली आणि आतलं गाणं तुटलं.

दार मावशींनी उघडलं. त्यांच्यामागे ऑर्गनपाशी प्लंबर उभा होता, कानाच्या पाळ्या लालबुंद, आणि तो काकांकडे पाहत होता. काकांना वाटलं, जुडगं इथेच ठेवावं आणि निघून जावं. मावशींनी एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा बादल्यांकडे.

“उशीर केलात,” त्या म्हणाल्या. “पुढच्या बाकांपासून सुरू करा. आमचं गाणं चालू राहील. पण कुणी वर बघायचं नाही. ज्याची नजर फरशीवरून हलेल, त्याला बाहेरच्या पायऱ्या पुसायला पाठवीन.”

त्यांतल्या निम्म्या लोकांना मावशींनी शाळेत शिकवलं होतं. उरलेल्यांनी निम्म्यांचे चेहरे पाहिले. पहिले काका वाकले. काकूंच्या हातातलं फडकं घेऊन ते गुडघ्यांवर बसले आणि पुसू लागले. काकूंनी हे दृश्य नंतर पुष्कळ जणांना सांगितलं. मग एकेक करून सगळे वाकले, गायनप्रमुखसुद्धा.

प्लंबरने समोर पाहिलं तर काका धरून चौसष्ट पाठी. एकही डोळा नाही. मावशींनी सूर दिला. त्यांनी दुसऱ्यांदा सूर दिल्यावर तो पहिल्या कडव्यापासून गायला लागला. तिसऱ्या कडव्यात नाटकवाल्यांपैकी एकाची मान वर झाली. त्याने निमूट आपली बादली उचलली आणि तो पायऱ्यांकडे गेला. चार कडवी पुरी झाली तेव्हा टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. हात ओले होते, आणि परवानगीही नव्हती. फरशी मात्र अशी निघाली की तिच्यावरची नक्षी पाळकसाहेबांनी प्रथमच पाहिली.

सगळे गेल्यावर प्लंबर स्टुलापाशी येऊन उभा राहिला. काकांनी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्याला दुसरंच काही विचारायचं होतं.

“काका, लग्नाच्या दिवशी पण पुसायची असेल का हो?”

“त्या दिवशी नाही रे. त्या दिवशी लोक बघायला येतात.”

तो मान हलवत गेला. सेक्रेटरीबाई आत कॅलेंडरातून काकांचं चौथं घर काढून टाकत होत्या. हे संभाषण त्यांच्या कानावर पडलं. घर काढायच्या आधी त्यांनी त्याच यादीला आणखी एक ओळ पाठवली.

लग्नाच्या दिवशी चर्च काठोकाठ भरलं होतं. प्लंबर नव्या कोटात ऑर्गनपाशी उभा राहिला, हातांचं काय करायचं ते न कळलेला. मोठं दार उघडलं. त्याच क्षणी पहिल्या बाकावर सेक्रेटरीबाईंनी मान खाली घातली आणि त्या फरशी न्याहाळू लागल्या. मग काकूंनी. मग आजीबाईंनी, शिवणवर्गाने, नाटकवाल्यांनी, तिन्ही मंडळ्यांनी. उजव्या बाजूच्या बाकांवर नवऱ्याकडची माणसं होती. ही काहीतरी प्रार्थना असावी, आपल्याकडून अपमान नको, असं वाटून त्यांनीही माना खाली घातल्या. त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी तर डोळेही मिटले.

प्लंबर गायला. एका ठिकाणी सूर घसरला, तो त्याने पुढच्या ओळीत सावरून घेतला. अख्ख्या चर्चमध्ये फक्त नवरी वर बघत होती, सरळ बापाच्या तोंडाकडे. तिला पायऱ्या पुसायला कोण पाठवणार?