गोड तेवढं साहेबांचं

या, जरा जवळ सरका. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे या. आज एका साहेबांची गोष्ट सांगतो. माणूस वाईट नव्हता हो, आधीच सांगून ठेवतो. नुसता भित्रा होता, आणि ते अकरा वर्षं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

हे साहेब पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्याचे प्रमुख. पगारवाढ झाली की स्वतः शेडमध्ये यायचे, पंप तपासायच्या हौदाशेजारी उभं राहून बातमी सांगायचे, कामगारांच्या खांद्यावर हात टाकायचे. कुणाला कामावरून कमी करायचं असलं की मात्र त्यांची नेमकी बाहेर मीटिंग निघायची. मग कर्मचारी विभागाच्या बाई जायच्या, हातात पाकीट घेऊन. "निर्णय कुणाचा?" असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "कंपनीचा." साहेबांचं नाव त्यांनी कधी ओठांवर आणलं नाही. कामगारांनी त्यांना 'कात्रीबाई' नाव ठेवलं. बाई जेवायला आल्या की बाकांवरचं बोलणं बंद पडायचं.

साहेबांना हे सगळं ठाऊक होतं. "बाईंना जमतं ते, माझं काळीज हळवं," असं ते घरी बायकोला सांगायचे, आणि त्या हळवेपणावर मनातून खूशही असायचे.

बाई निवृत्त झाल्या. दुपारी चारला कॅन्टीनमध्ये चहा ठेवला, चाळीस खुर्च्या मांडल्या. साडेचार वाजले तरी माणसं चारच: साहेब, टेलिफोनवरची मुलगी, बाई आणि कडक इस्त्रीचा शर्ट घालून आलेले बाईंचे यजमान.

"सगळे कामात असतील, नाही?" यजमान म्हणाले. "घरी ही तुमचं फार कौतुक करते, साहेब. म्हणते, माणूस मनाने मऊ आहे."

बाई कपात बघत राहिल्या. साहेबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "आलोच," म्हणून ते उठले आणि तडक शेडमध्ये गेले.

"अरे चला ना, बाई निघाल्या आज."

कुणी मान वर केली नाही. एक जुना फिटर हात पुसत म्हणाला, "साहेब, तुम्ही निघाल त्या दिवशी आम्ही नाचत येऊ. पण त्या बाईनं माझ्या धाकट्या भावाला अर्ध्या तासात गेटाबाहेर काढलं. आजारातून नुकता उठला होता तो."

'जाऊ दे, झालं गेलं,' हे शब्द साहेबांच्या जिभेवर तयारच होते. दोन वर्षांनी ते स्वतः निवृत्त होणार होते, आणि तेव्हा हीच माणसं येणार होती. गप्प बसलं की काम भागत होतं. पण तो इस्त्रीचा शर्ट काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

"बाईंनी नाही काढलं," ते म्हणाले. "मी काढलं. त्याला तीन महिने द्या म्हणून बाई माझ्याशी भांडल्या होत्या. मी त्यांच्याच हातात पाकीट दिलं आणि गाडीत जाऊन बसलो. प्रत्येकाच्या वेळी हेच केलं."

"त्या संध्याकाळी तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवला होतात," फिटर म्हणाला. "फार वाईट झालं, म्हणालात."

"हो."

"मी घरी जाऊन आईला सांगितलं, आमचे साहेब देवमाणूस आहेत."

साहेबांना वाटलं, ह्यापेक्षा ह्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

फिटरने पाना खाली ठेवला आणि तो कॅन्टीनकडे चालू लागला. त्याच्यामागे एकेक करत बाकीचे. साहेबांकडे कुणी बघितलं नाही.

"बाई, चुकलो," फिटर म्हणाला. "उगाच तुमच्या नावानं खडे फोडत होतो."

"भाऊ कसा आहे?"

"बरा आहे. सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलंय."

बाईंचे डोळे भरले. मग त्यांनी दारात उभ्या साहेबांकडे पाहिलं. "आज सांगितलंत," एवढंच म्हणाल्या. त्यात राग नव्हता, आभारही नव्हते. साहेबांना दोन्हींपैकी काहीतरी हवं होतं. आत जागा होती, "बसा ना," असं यजमान दोनदा म्हणाले, पण साहेबांचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडेना.

उद्या तुमच्यावर कुणाला कडू बातमी सांगायची वेळ येईल, आणि दुसऱ्या कुणाला तरी पुढे करावंसं वाटेल. तेव्हा ह्या साहेबांना विसरलात तरी चालेल, बाबांनो; त्या बाईंची तेवढी आठवण काढा.