आजचं पान

फीत... लाल, कडेला विसविशीत झालेली, टोकाला बाबांनी मारलेली बारीक गाठ अजून तशीच – आणि आज ती कशीतरी लोंबकळत नव्हती, दोन पानांच्या मधल्या घळीत सरळ, कुणीतरी बोटानं दाबून बसवल्यासारखी पडली होती. नवऱ्यानंच बसवली असणार. अंगावरचा टॉवेल दोरीवर कधी नीट न टाकणारा माणूस आता फिती सरळ करतो, ती मनाशी म्हणाली, आणि खाली गाडी सुरू झाल्याचा, गिअर पडल्याचा, कोपऱ्यावर हॉर्न वाजल्याचा आवाज कानांनी नीट मोजून घेतला. मगच तिनं ग्रंथ स्वतःकडे ओढला.

आजचं पान मौनाचं होतं. आज बोलू नकोस, तुझ्या शब्दांनी पुष्कळांना दमवलं आहे, त्यांना आज विसावा दे, असं काहीतरी. पुढे बऱ्याच ओळी होत्या. तिनं पहिल्या दोन वाचल्या आणि तिला हायसं वाटलं. म्हणजे आज सुट्टी. आज संध्याकाळी तो दारातून आत येईल, हात धुईल, बसेल, आणि काही म्हणजे काही चांगलं करणार नाही. आज मला सावध राहायला नको.

कारण गेले काही दिवस ती सतत सावध होती. सकाळी उठून तो एक पान वाचायचा, फक्त एक, आणि दिवसभर त्या पानात सांगितलं असेल तसं वागायचा. तोंडानं काही बोलला नव्हता. तिला कळलं ते तिच्या मूर्खपणामुळे. एके दिवशी तो दुपारीच तिच्या बाइंडिंगच्या दुकानात आला, तिच्या हातातला पुठ्ठ्यांचा गठ्ठा काढून घेतला, आणि "बस जरा," म्हणाला. बस जरा! काउंटरवर कुणी नव्हतं म्हणून बरं, ती खरंच बसली. रात्रभर ती एखाद्या नव्या नवरीसारखी मनातल्या मनात हरखून होती. दुसऱ्या दिवशी फडकं मारताना ग्रंथ हातात आला, फितीच्या आधीचं पान सहज दिसलं – थकलेल्याच्या हातचं ओझं घे. गठ्ठा त्यानं घेतलाच नव्हता. ग्रंथानं घेतला होता.

तेव्हापासून ती आधीच बघून ठेवते. पान वाचलं की दिवसाची कल्पना येते. आज मोरी घासणार. आज चहा आणून देणार. आणि तो खरंच कप घेऊन येतो, बशीत एक थेंब सांडलेला नाही, आणि तिला कपामागे ती ओळ दिसते, छापलेली, परिच्छेदासकट. "छान झालाय," ती म्हणते. न म्हणून काय करणार? चहा खरंच छान झालेला असतो. हेच तर वाईट.

आणि हा माणूस तरी कसा? मोटार शिकवण्याच्या शाळेत उभी हयात गेली. शिकाऊ लोकांनी नाव ठेवलंय ब्रेकमास्तर. त्याच्या बाजूला, पायाशी, एक जादा ब्रेक असतो. समोरचा चुकला की हा दाबतो. घरीही तेच. कुणी दोन वाक्यं सलग बोललं की याचा उजवा पाय फरशीवर दाबला जातो. त्याला ते माहीतही नाही. ती सांगत असते, कागदवाल्यानं असं केलं, गिऱ्हाईक तसं म्हणालं... आणि खाली पायाकडे लक्ष जातं, पाय दाबलेला, आणि तिचं वाक्य आपोआप थांबतं. विचारायचा म्हणून त्यानं कधी काही विचारलंच नाही. डावीकडे घे. आरसा बघ. दार लाव.

बाबा गेले तेव्हाही नाही.

ती दुकानात पोहोचली, कुलूप काढलं, खळीच्या भांड्यावरचं ओलं फडकं उचललं. झाकून ठेवलेली खळ सकाळी मऊ असते. उघडी राहिली तर वर साय धरते आणि मग फेकावी लागते. बाबांचं दुकान, बाबांचं भांडं. बाबांना नेलं त्या दिवशी तो आला होता, नाही कसं म्हणू? शेवटपर्यंत उभा होता, हात पुढे बांधून. मग घड्याळ बघितलं, दुसऱ्या दिवशी दोघा शिकाऊंची परीक्षा होती, आणि गेला. संध्याकाळी आला तो विचारलं – हो, एवढं विचारलं – "आवरलं का सगळं?" आवरलं, मी म्हणाले. त्यानंतर आजतागायत मी वाट बघतेय. फार मोठं काही नको होतं मला. रडायला नको, मिठी नको. कसे गेले गं? एवढंच. हे कुणी विचारलं असतं तर सांगायला माझ्याकडे होतं. न विचारता कसं सांगायचं? आपणहून सुरू करायचं, आणि मग खाली बघायचं, पाय दाबलाय का?

तिनं समोरच्या पुस्तकाचे फर्मे जुळवायला घेतले. एक मोठा छापील कागद घडी घालत गेलं की सोळा पानांचा एक फर्मा होतो. असे फर्मे आकड्यांप्रमाणे एकावर एक ठेवायचे, शिवायचे, पाठीला खळ लावायची. चुकण्यासारखं काही नाही. एक, दोन, तीन... आणि तिचा हात थबकला. सकाळचं मौनाचं पान. खालचा आकडा. कालच्या पानानंतर तो आकडा यायलाच नको होता. मध्ये एक फर्माभर पानं राहून गेली होती.

अरे देवा. म्हणजे तिथे पोहोचला तो.

तो ग्रंथ बाबांनी बांधलेलं शेवटचं पुस्तक. डोळे तेव्हा जवळजवळ गेलेच होते, पण सांगायची सोय नव्हती. आकडे बोटांनी चाचपल्यासारखं करायचे आणि अंदाजानं ठेवायचे. दोन फर्म्यांची अदलाबदल झाली. पुढचा आधी, आधीचा पुढे. जावयाला द्यायचं म्हणून पाठीवर सोनेरी रेघ मारली, वर स्वतःच्या हातांनी नेऊन दिलं. त्यानं "वा" म्हटलं आणि फळीवर ठेवून दिलं. तिला चूक पहिल्याच दिवशी दिसली होती. गप्प बसली. कोण उघडणार होतं ते पुस्तक?

आणि आता बाबांना दिसत नव्हतं म्हणून ब्रेकमास्तर आज मौन पाळतोय! दुकानात एकटीच असताना तिला मोठ्यानं हसू आलं. बाबा असते तर त्यांनी डोळे मिचकावले असते. मग हसू ओसरलं, कारण तो काही आंधळा नाही. रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचणारा माणूस. आकडा त्याच्या नजरेतून सुटणार नाही. आज नाही तर उद्या म्हणेल, तुझ्या बाबांचं काम कच्चं होतं. म्हणू दे. एकदा म्हणून तर बघू दे. तिनं दाभण इतक्या जोरात ओढलं की दोरा तुटला.

दुपारी नणंद आली, मुलीच्या नकाशांच्या पुस्तकाची पाठ उसवली होती म्हणून. पुस्तक काउंटरवर टाकलं आणि स्वतः स्टुलावर बसली.

"काय वहिनी, दादा अगदी संत झालाय म्हणे. परवा घरी आला, आईच्या पायांना तेल लावून गेला. आई घाबरली ना! मला विचारते, याला डॉक्टरनं काही सांगितलंय का?"

"मला काय माहीत," ती म्हणाली. "मला कुठे काय सांगतात ते."

"म्हणजे? तुला ते गाडीचंही नाही सांगितलं?"

"कसलं गाडीचं?"

नणंदेनं जीभ चावली, पण सांगितलंच. एक शिकाऊ बाई घाबरून ब्रेकऐवजी भलतंच दाबून बसली, गाडी फुटपाथवर चढली. समोर एक म्हातारे गृहस्थ. यानं आपला ब्रेक दाबला म्हणून, नाहीतर... वितभर अंतर राहिलं. "आणि गंमत म्हणजे त्यांना पत्ताच नाही गं! दिसत नसावं नीट. भिंतीला हात लावत लावत गेले पुढे. दादा मात्र तिथेच फुटपाथवर बसून राहिला. उठेचना म्हणे."

नणंद गेल्यावर ती पुष्कळ वेळ नकाशांची उसवलेली पाठ हातात धरून होती. म्हणजे पाणी इथे मुरत होतं. म्हणजे भीती! देवाची ओढ नाही, माझी तर नाहीच नाही. वितभर अंतरावरून परत आलेला माणूस जे हाताला लागेल ते घट्ट धरतो, तसा ग्रंथ धरलाय. आणि हे बहिणीला सांगितलं. मला नाही. मला चहा. ...पण भ्यायला म्हणून काय झालं, दुसरा एखादा दारू प्यायला बसला असता. हा पान वाचायला बसला. तिला हा विचार आवडला नाही. याची बाजू घ्यायची सवय लागायला नको. तिनं पाठीला खळ फासली, वर वजन ठेवलं, आणि निघताना भांड्यावरचं फडकं ओलं करून घातलं.

तो तिच्या आधीच घरी आला होता. ग्रंथ फळीवर नव्हता, दोन खुर्च्यांमधल्या तिपाईवर होता. तिनं पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं. त्यानं मान हलवली. बोलला नाही. अर्थातच. तिनं चहा टाकला, दोन कप आणले, समोर बसली. आणि खरं सांगायचं तर ती शांतता तिला बरी वाटली. खिडकीबाहेर उजेड उतरत चालला होता. आज कुणी कुणाला फसवत नव्हतं.

"हा बाबांनी बांधलेला ना?"

तिनं कप खाली ठेवला. तो बोलला होता. मौनाच्या दिवशी.

"हो," ती म्हणाली. आता येणार. ये म्हणावं.

"पानं पुढेमागे झालीत यात."

"असतील. हातानं केलेलं काम आहे, होतं असं कधी. तुम्हाला नको असेल तर मी छापखान्यातून..."

"नको. राहू दे." तो फितीच्या टोकाची गाठ दोन बोटांत धरून बसला होता. "त्यांना दिसत नव्हतं का गं शेवटी शेवटी?"

तिनं तिपाईवरचा कप जरा बाजूला सरकवला.

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही."

"नाही विचारलं." मग खाली मान घालून, शिकाऊ माणूस पहिल्यांदा गाडी सुरू करतो तशा अडखळत्या आवाजात तो म्हणाला, "कसे गेले गं?"

तेच शब्द. जसेच्या तसे. मी किती वेळा ते त्याच्या तोंडी घालून बघितले होते, आणि आता ते खरंच त्याच्या तोंडून आले तर मला पहिलं सुचलं काय – की हे कुठल्या पानावर आहे? फितीच्या पानावर तर मौन होतं. म्हणजे त्यानं ग्रंथ मोडला, माझ्यासाठी मोडला... पण थांब. त्याला चूक कळलीय. चूक कळलेला हा माणूस आकडे लावत पुढे जाणारच, आजचं खरं पान शोधून काढणारच. आणि त्या खऱ्या पानावर काय लिहिलंय ते मला माहीत नाही. फितीच्या पुढे मी कधी वाचलंच नव्हतं. तिथे लिहिलेलं असू शकतं, शोक करणाऱ्याला विचार. ग्रंथात असं असतंच. का नसेल?

ग्रंथ तिपाईवर होता, तिच्या हाताशी. तिचा अंगठा कडेवर कधी गेला तिलाही कळलं नाही. फर्मा कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो हे तिला न बघता कळतं, जन्म गेला त्यात. चुकीचा फर्मा इथे संपतो. इथून खरा. अंगठा आत सरकवला, एकदा नजर टाकली, की झालं. एवढ्या दिवसांचा संशय एका नजरेत फिटणार, नाहीतर कायमचा पक्का होणार.

"दिसत नव्हतं," ती म्हणाली. "पण कुणाला सांगायचं नाही म्हणाले. बोटांनी फर्मे जुळवायचे. मी समोर बसायचे, मला कळायचं चुकलंय, मी काही बोलायचे नाही..."

आवाज कुणाचा, माझाच का हा? मी सांगत होते. दवाखान्यातली खिडकी, त्यांना उगीच थंडी वाजायची ते, माझा हात धरून ते नखाशी वाळलेली खळ खरवडत राहायचे ते. सांगता सांगता मी खाली बघितलं, सवयीनं. तिपाईच्या खाली अंधार झाला होता. पाय दाबलेला आहे की नाही ते दिसत नव्हतं.

"काही म्हणाले का?" त्यानं विचारलं.

"शेवटी? काही नाही हो. मोठं असं काही नाही. दुकानात आहोत असं वाटलं असेल त्यांना. म्हणाले, खळ झाकलीस का."

आता तो म्हणेल, देवाची इच्छा. आता एखादी ओळ म्हणेल. मी वाट बघत होते, कान टवकारून, ओळ आली की ओळखायची म्हणून.

"झाकली होतीस?"

...हे नसणार. हे तरी कुठल्या पानावर नसणार. नसणार ना? अंगठा अजून तिथेच होता, खऱ्या फर्म्याच्या कडेवर, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला पुढचं पान वाचायचं नव्हतं. कुणी ते वाचून दाखवील की काय याचीच मला भीती वाटत होती. तो माझ्याकडे बघत होता. त्याला खरंच जाणून घ्यायचं असावं. आणि मला आठवेना – त्या दिवशी घाईघाईत दुकानातून निघाले, कुलूप लावलं, धावत रस्ता ओलांडला – भांडं आठवत होतं, फडकं आठवत होतं, पण फडकं भांड्यावर घातलं होतं की नाही, ते काही केल्या आठवेना.