देणाऱ्याचं नाव

बायडाबाईंच्या मते फुकट वस्तू दोनच माणसं देतात. एक वेडा, नाहीतर निवडणुकीला उभा राहिलेला. म्हणून सून शीतलने मासिकासोबत आलेली सीडीची चकती कॉम्प्युटरात सरकवली आणि "आत्याबाई, हे सॉफ्टवेअर सगळं फुकट, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय," असं सांगितलं, तेव्हा बाईंनी मिश्री घासता घासता विचारलं, "आणि त्यांनी आपलं नाव कुठं घातलंय?"

"आत असतं. उघडून बघणाऱ्याला दिसतं."

"आत! वाटीला आतून नाव घालतं का कोनी, माय?"

नावातलं बाईंना कळत होतं. नवरा भगवंत अमळनेरला भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून डब्या-तांब्यांवर नावं कोरायचा आणि तिसरी शिकलेल्या बाई लग्नघरची चिठ्ठी अडखळत वाचून दाखवायच्या. पुढे कारखान्यांमागोमाग दोघं सिल्वासाला आली. भगवंत गेला, स्टीलच्या भांड्यांचं कामही गेलं. मग बाईंनी विजेची भट्टी घेतली आणि चिनी मातीच्या मगांवर नावं भाजायला लागल्या.

खरी कटकट नमुन्याची. गिऱ्हाईक येणार, शीतल ब्रशने एक मग रंगवणार, गिऱ्हाईक म्हणणार, "फूल जरा डावीकडे." की पुसा, पुन्हा रंगवा. म्हणून तिने भावाचा जुना कॉम्प्युटर माहेरून आणला होता, आणि आता महिनाभर खपून त्या फुकटच्या सॉफ्टवेअरात हुकमांची एक यादी लिहिली. स्क्रिप्ट म्हणे. नावांची यादी द्यायची, की पडद्यावर एकेक मग नावासकट तयार. मातीही नको, भट्टीही नको.

"हळदीबिगर लगीन," बाई म्हणाल्या. "हे बघ, प्रभाकर साहेबाचं काम या खोक्यानं मिळालं तर ऱ्हाईल. नाहीतर तुझ्या माहेरी परत. त्याच्या जागेवर माझ्या गोवऱ्या छान बसतात."

त्या दिवशी शीतलच्या हातून भाजीत मीठ दोनदा पडलं.

प्रभाकर साहेब कोकणातले, सरकारी कचेरीत मोठे कारकून, महिनाअखेर निवृत्त होणारे. कचेरीतल्या एकशेचाळीस जणांना निरोपाची भेट म्हणून ते मग देणार होते. नावं इंग्रजीत, कारण मराठी साहेब फक्त बोलण्या-रागावण्यापुरती वापरत.

ते आले, खुर्ची रुमालाने झटकून बसले. पडद्यावर मग फिरू लागले. ज्याला भेट द्यायची त्याचं नाव पुढे ठळक, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, शीतलने वाचून दाखवलं, प्रभाकर यांजकडून सप्रेम.

"छान आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं झालं.

"रंग बदलू का, साहेब?" शीतल.

"नको, नको. रंग उत्तम."

"अक्षर?"

"अक्षरही उत्तम. पण काहीतरी... हे पाहा, मला स्वतःला हौस नाही हो. तरी वापीला एक मग करणारा आहे, त्या वापीवाल्यालाही विचारून बघतो." साहेब उठून पायात चपला सरकवू लागले.

शीतलचा चेहरा उतरला. बाईंना खरं तर आनंद व्हायला हवा होता. खोका जाणार, गोवऱ्या येणार. पण वापीवाल्याचं नाव ऐकलं आणि त्यांचा पारा चढला.

"बसा, साहेब. शीतल, चहा टाक." मग सुनेच्या मागोमाग स्वयंपाकघरात शिरून त्या दबक्या आवाजात कडाडल्या, "अक्कल गहाण टाकली का वं? ह्यो मग कोनाचा?"

"जो पिईल त्याचा."

"पिनाऱ्याला आपलं नाव पाठ असतं! भांड्यावर देनाऱ्याचं नाव मोठं. लग्नातला डबा कोनी आपलं नाव वाचायला घेतं का? सोमोरच्यानं वाचावं, प्रभाकरनं दिला. पिनाऱ्याच्या बाजूला पिनारा घाल, बाहेरच्या बाजूला साहेबाला घाल. हत्तीएवढा."

"त्यांनी का नाही सांगितलं मग?"

"सभ्य मानूस हाये. हाव दुसऱ्याच्या तोंडून बोलतो."

शीतल कॉम्प्युटरपाशी गेली. हुकमांच्या यादीतल्या दोनच ओळी बदलल्या आणि कळ दाबली. बाईंनी चहा उकळला, गाळला, बशा पुसल्या, तेवढ्यात एकशेचाळीस मग उलटसुलट होऊन पुन्हा उभे. ब्रशने हेच करायला पावसाळा गेला असता. हे बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते चहासोबत गिळलं.

पडद्यावर एकशेचाळीस वेळा प्रभाकर, प्रभाकर, प्रभाकर. साहेबांचे डोळे पाणावले.

"अहो, एवढं मोठं कशाला," ते म्हणाले. "पण आता केलंच आहे तर राहू द्या."

काम मिळालं. खोका राहिला. "माझ्या अकलेनं," बाईंनी गल्लीभर सांगितलं. गोवऱ्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

शेवटची भट्टी उघडली तेव्हा शीतलने एक जादा मग काढून बाईंपुढे ठेवला. पिणाऱ्याच्या बाजूला 'बायडाबाई', मराठीत. बाईंनी तो फिरवला. बाहेरच्या बाजूला, हत्तीएवढं, 'शीतलकडून'.

"तुम्हीच सांगितलं ना, आत्याबाई," सून साळसूद आवाजात म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून बायडाबाई दारातल्या ओट्यावर डाव्या हाताने चहा पिऊ लागल्या, म्हणजे मगाची बाहेरची बाजू त्यांच्याकडे. कोणी विचारलं तर उजवा हात लचकलाय. गल्लीला दिसायचं, बायडाबाई. आणि सुनेचं नाव मात्र घोटाघोटाला त्यांच्याच नाकासमोर.