उजवीकडे वळताना, तीन वेळा

"इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही," ती म्हणाली. "दोन सेकंद. मग धक्का देऊन निघते."

मी तिच्याकडे बघतच नव्हतो. माझं लक्ष गाडीच्या डाव्या बाजूकडे होतं. तिथल्या दोन्ही दारांचा रंग बाकी गाडीपेक्षा किंचित फिका होता. रंगाऱ्याने जुळवला चांगला होता, पण नऊ वर्षांच्या उन्हात दोन रंग दोन तऱ्हांनी उतरले होते. गिऱ्हाइकाच्या हे लक्षात येत नाही. मला मात्र त्या दारांपलीकडे काही दिसेना.

"तुम्हीच का ते गिअरवाले डॉक्टर?" तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "यावर तुमची सही आहे."

गॅरेजात मला सगळे डॉक्टर म्हणतात. मी फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तपासतो, बाकी गाडीला हात लावत नाही. मालकाने चेष्टेत ठेवलेलं नाव मी पंचवीस वर्षं फुकटात मिरवतोय. कागद मी हातात घेतला नाही. त्यावर काय आहे ते मला पाठ होतं : दोष आढळला नाही.

"आई गेली तेव्हा बाबा एकच सांगत होते," ती म्हणाली, "की गाडी हललीच नाही. पोलिसांना सांगितलं, विमावाल्यांना सांगितलं, मला तर रोज. सगळे म्हणाले, वय झालंय, समोरून ट्रक बघून घाबरले, भलतंच काहीतरी दाबलं. मग मी इथून हा कागद नेला आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. पाच-सहा वेळा तरी वाचला असेन. एक दिवस ते बोलायचेच थांबले."

"आणि गाडी?"

"विकू देईनात. म्हणाले, हिला परत एकदा तसं करू दे." तिने दारावर हात ठेवला, लगेच काढला. "काल केलं. माझ्या हातात. रस्ता रिकामा होता म्हणून वाचले. खरं काय ते सांगा. बाबांचं बरोबर होतं का?"

"उद्या सांगतो," मी म्हटलं.

उत्तर मला नऊ वर्षांपासून ठाऊक होतं.

तिचे वडील छापखान्यात मुद्रितशोधक होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका हुडकायचा धंदा. त्यामुळे तक्रारसुद्धा त्यांनी सुवाच्य अक्षरात चिठ्ठीवर लिहून आणली होती. 'इंजिन पुरते तापल्यावर, साधारण चाळीस मिनिटांनी. उजवीकडे वळताना. वेग कमी करून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर. इंजिन ओरडते, गाडी हलत नाही. आतापर्यंत तीन वेळा.' माझ्यासारख्याला अशी चिठ्ठी म्हणजे सोनं. मी ती न वाचता खिशात कोंबली. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून दोष वाचणारा नवा स्कॅनर आला होता आणि त्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. गिऱ्हाइकाने गाडी चालवावी, दोषाचं निदान मी करावं, असला तोरा.

त्यांच्या पत्नी बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दर दोन मिनिटांनी त्यांचं चाललं होतं, "अहो, चला ना. बघतील ते काय ते." ते आपले हसून माझ्या मागे उभे.

शिरस्ता असा की स्कॅनर लावला की साठवलेला दोषाचा कोड आधी वाचायचा, कागदावर उतरवायचा आणि मगच पुसायचा. माझी खोड उलटी होती. जुन्या गाड्यांत वर्षानुवर्षांचा कचरा साठलेला असतो, म्हणून आधी सगळं पुसायचं आणि मग चालवून नवीन काय येतं ते बघायचं. निम्म्या वेळा बरोबर यायचं. खोडी अशाच अंगवळणी पडतात.

त्या दिवशी स्क्रीनवर अक्षरं आली : 'साठवलेले दोष – १'. तिकडे मालक हाका मारत होता, बाकावरून "अहो, चला ना" चाललं होतं. मी पुसलं. तो एक कोणता होता, ते बघितलंच नाही. गाडी थंड होती. सरळ रस्त्यावर दहा मिनिटं फिरवली, लोण्यासारखी चालली. आणि मी लिहिलं, दोष आढळला नाही.

चौथ्या दिवशी चौकात उजवीकडे वळताना समोरून ट्रक आला.

विमावाल्यांचा माणूस स्वतःचा स्कॅनर घेऊन आला होता. त्याला आत काही सापडलं नाही, आणि का ते मला ठाऊक होतं. त्या गाडीचा कॉम्प्युटर दोष पहिल्यांदा झाला तर नोंदवत नाही, दुसऱ्यांदा झाला तरच लिहून ठेवतो. मी पाटी कोरी करून दिली होती, त्यामुळे तो चौकातला प्रसंग त्याच्या लेखी पहिलाच होता. त्या माणसाने मला विचारलं, "तुमच्याकडे आली तेव्हा काही कोड होता?"

मी म्हटलं, "नव्हता."

एवढ्या एका शब्दावर एका माणसाच्या कपाळी बायकोचा मृत्यू लिहिला गेला. मूग गिळून बसणं वेगळं. मी तर तोंड उघडून बोललो.

ती गाडी ठेवून गेल्यावर दुपारी मी जेवायला घरी गेलो. स्वयंपाकघरात बायकोने मिक्सर लावला आणि मी हात धुता धुता जागीच थबकलो. नुसता मोठमोठा होत जाणारा आवाज, आणि जागचं काही हलत नाही. "बंद कर तो," मी ओरडलो.

"नऊ वर्षं झाली, ऐकतेय मी," ती आतूनच म्हणाली. "दिवसभर इंजिनांत डोकं घालून बसतोस आणि माझ्या एवढ्याशा मिक्सरला घाबरतोस! डॉक्टर म्हणे."

एरवी मी हसण्यावारी नेतो. त्या दिवशी ताटावर बसलो आणि भात नुसता चिवडत राहिलो. ती बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता मिक्सरची वायर काढून ठेवली. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जिवंत आहेत का ते?"

"आहेत."

"मग अजून वेळ आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिठ्ठी काढली. ती स्कॅनरच्या पेटीत, झाकणाच्या अस्तराखाली होती. फेकायचा धीर झाला नव्हता आणि वाचायचाही. आता ओळीने तिच्यात लिहिलंय तसंच केलं. आधी स्कॅनर लावला. 'साठवलेले दोष – १'. चौकातला प्रसंग पहिला, परवाचा तिच्या हातातला दुसरा, म्हणून नोंद झाली होती. या वेळी आधी वाचला आणि कागदावर उतरवला. गिअरचा दांडा कुठे आहे हे कॉम्प्युटरला कळवणारा जो स्विच गिअरबॉक्सच्या अंगावर असतो, त्याच्या वायरींचा दोष होता.

गाडी चाळीस मिनिटं फिरवून तापवली आणि उचलून खाली शिरलो. वायरींचा जुडगा धरून ठेवणारा मूळचा चाप कधीच मोडून गेला होता. अपघातानंतर दारं बदलणाऱ्या कारागिराने जाता जाता तिथे प्लास्टिकचा पट्टा आवळला होता. त्या पट्ट्यामुळे नऊ वर्षं गाडी शहाण्यासारखी वागली. आता तोही तुटला होता आणि जुडगा गरम पत्र्यावर लोंबत होता. मी वायर फिरवून बघितली. वरचं आवरण तांदळाच्या दाण्याएवढं घासून गेलं होतं. आत तांबं चमकत होतं. घासलेली कड काळी, जुनी, वर्षानुवर्षांचा मळ धरलेली होती. हे कालचं नव्हतं.

इंजिन चालूच होतं. बोटाने वायर पत्र्याला टेकवली. स्क्रीनवरचं पुढे जाण्याच्या गिअरचं 'डी' अक्षर गेलं आणि नुसती रेघ राहिली. दांडा कुठे आहे हे कळेनासं झालं की हा कॉम्प्युटर चाकांचा जोर काढून घेतो. वेग कमी करून उजवीकडे वळताना पुन्हा जोर दिला की इंजिन बसल्या जागी थोडं कलतं, तेवढ्यात तांबं टेकतं. चिठ्ठीतला शब्द न् शब्द बरोबर होता.

मालक वाकून बघत होता. "टेप गुंडाळ, नवा चाप लाव आणि दे गाडी. अर्ध्या तासाचं काम."

"आधी त्यांना दाखवतो."

"कुणाला? अरे, जुनं कशाला उकरतोस? नऊ वर्षांत कुणी विचारलं का तुला?"

"काल विचारलं," मी म्हटलं, आणि तिला फोन केला. "दोष सापडलाय. अजून दुरुस्त केलेला नाही. बाबांना घेऊन या."

ते काठी टेकत आले. ऐंशीच्या पुढचे, पण शर्टाला पेन लावलेलं. मला त्यांनी ओळखलं आणि मान हलवली, जशी दुकानदाराला हलवतात. ती मागे बसली. ते शेजारच्या सीटच्या दारापाशी थांबले. फिक्या रंगाच्या दाराकडे त्यांनी बराच वेळ बघितलं, मग दार उघडून आत बसले.

गाडी तापायला चाळीस मिनिटं लागणार होती. माझ्याकडे सांगायला तेवढाच वेळ होता आणि तेवढा खूप झाला. कोडाचं सांगितलं. न बघता पुसल्याचं सांगितलं. विमावाल्याला 'नव्हता' म्हटल्याचं सांगितलं. आरशात तिचा चेहरा दिसत होता, म्हणून मी आरशात बघणं सोडलं.

ते म्हणाले, "नंबर काय होता?"

"तेव्हा बघितला नाही. आज बघितला."

"बघायला हवा होता," ते म्हणाले. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला सांगावं तसं, आवाज न चढवता. मी म्हटलं, "हो." माफी मागायची ठरवून आलो होतो, पण त्या शब्दासमोर ती फारच स्वस्त वाटली. तरी मागितली. 

गॅरेजमागे बंद कारखान्याचं मोठं रिकामं आवार आहे. तिथे गाडी आणली. वेग कमी केला, उजवीकडे वळवली आणि पुन्हा दाबलं.

इंजिन ओरडलं. गाडी जागच्या जागी. दोन सेकंद फार मोठे असतात. मग धक्का बसला आणि गाडी निघाली.  मी थांबवली.

"परत," ते म्हणाले.

मी परत केलं. पुन्हा तोच आवाज, पुन्हा आम्ही तिघं हलायची वाट बघत बसलेले. या वेळी त्यांनी डावीकडच्या काचेतून बाहेर बघितलं, जिकडून ट्रक आला असेल तिकडे.

"इथून फार मोठा येतो आवाज," ते म्हणाले. "मी कधी इथे बसलोच नव्हतो." थोड्या वेळाने म्हणाले, "ती नेहमीसारखीच म्हणाली होती. अहो, चला ना. मी दाबत होतो. मी तर दाबतच होतो."

"बाबा," ती मागून म्हणाली. 

मी खिशातून चिठ्ठी काढून त्यांच्यासमोर धरली. स्वतःचं अक्षर त्यांनी ओळखलं. चष्मा सारखा करून त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, बोट ओळीखाली धरून. शेवटच्या ओळीशी बोट थांबलं. शर्टाचं पेन काढलं. लाल होतं. 'तीन' या शब्दावर त्यांनी एक बारीक, सरळ रेघ मारली आणि समासात, जागेवर खूण करून, चौकातली वेळ धरून 'चार' लिहिलं.

मग न वळताच त्यांनी चिठ्ठी खांद्यावरून मागे धरली.

"वाच," ते म्हणाले. "मोठ्याने."

तिने घेतली. इंजिन चालूच होतं, मी ते बंद केलं. ती वाचू लागली, शाळेत उभं करून वाचायला लावल्यासारखी, शब्द सुटे सुटे. इंजिन पुरते तापल्यावर. उजवीकडे वळताना. ते डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून ऐकत होते, एखादा शब्द गळतोय का ते बघत. शेवटच्या ओळीला ती अडखळली.

"पुन्हा घे," ते हळूच म्हणाले. "ती ओळ नीट आली नाही."