ज्याचं शेत, त्याचा सेंटर हाफ

गास गावात फुटबॉलचा संघ निवडायची एक रीत होती आणि त्या रीतीपायी जितेंद्रचं रक्त दर वर्षी न चुकता आटत असे.

रीत अशी, की भातकापणी झाली की गावातल्या कुणाचं तरी मोठं शेत स्पर्धेसाठी मागून घ्यायचं. शेत दिलं की त्या माणसाचा वाल बुडाला. कापणीनंतर जमिनीत ओल असते तोवरच वाल पेरायचा असतो, आणि पोरांनी महिना-दोन महिने तुडवलेल्या शेतात तो काय डोंबल उगवणार? त्याची भरपाई म्हणून शेतवाल्याला एक मान द्यायचा. संघाचा सेंटर हाफ तो निवडणार. गोलकीपर, बॅक, फॉरवर्ड कोचने बघावेत, पण मधोमध उभा राहून सगळा खेळ चालवणारा जो एक गडी, तो शेतवाल्याचा. ही रीत कुणी पाडली ते विचारलं तर जुनी माणसं आभाळाकडे बोट दाखवायची.

काही वर्षांपासून शेत बळीरामकाकांचं होतं. काका साठीचे, पण अंगाने अजून उंबरासारखे. फुटबॉल त्यांनी आयुष्यात कधी खेळला नव्हता, बांधावर बसून बघितला मात्र भरपूर होता. त्यांची परीक्षा ठरलेली होती. शेताच्या मध्यावर पाय रोवून उभे राहायचे आणि समोरच्याला म्हणायचे, "ढकल मला." जो त्यांना जागचं हलवेल तो सेंटर हाफ. झाली निवड.

जितेंद्र या गावचाच. मुंबईला नोकरीला लागल्यावर ऑफिसच्या संघातून विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेने, खेळला, चांगला खेळला, गुडघा गेल्यावर गावातल्या पोरांना शिकवायला लागला. त्याची एकच इच्छा उरली होती. आपल्या गावचा संघ एकदा तरी चेंडू जमिनीवर ठेवून, एकमेकांना देत-घेत, डोक्याने खेळताना बघायचा. आजवर गासचा खेळ म्हणजे मागून लांब लाथ आणि पुढे धक्काबुक्की. कप यायचेसुद्धा. पण ते बघताना जितेंद्रला लाज वाटायची, आणि ही लाज गावात त्याच्याशिवाय कुणालाच वाटत नाही याचा जास्त राग यायचा.

सत्त्याण्णव साली त्याला सुरज सापडला. माणिकपूरच्या बाजारात भाजी विकणाऱ्या रंभाचा मुलगा, वीस वर्षांचा, अंगाने काडी. पण त्या ढेकळांच्या शेतात, जिथे चेंडू कुठे उडेल ते चेंडूलाच ठाऊक नसायचं, तिथे या पोराला ते आधी कळायचं. चेंडू पायाशी यायच्या आधी तो मान वळवून मागे बघून घ्यायचा, आणि चेंडू आला की त्याच्यासकट वळलेला असायचा. अंगावर धावून आलेला गडी मग रिकाम्या जागेला धडक द्यायचा. पहिल्या दिवशी हे बघून जितेंद्र घरी गेला तो जेवताना बायकोला डाळीच्या वाटीने आणि लिंबाच्या फोडीने ते वळण दाखवत बसला. जयवंती म्हणाली, "लिंबू पिळा आता. डाळ निवतेय."

परीक्षेच्या दिवशी अख्खा संघ शेतात गोल करून उभा होता. काकांनी धोतर खोचलं, पाय रोवले.

"ढकल मला."

सुरजने त्यांच्याकडे बघितलं, जितेंद्रकडे बघितलं. मग पायातला चेंडू हळूच पुढे घेतला, खांदा टाकल्यासारखं केलं आणि चेंडू काकांच्या दोन पायांमधून पलीकडे सारला. काका खाली बघेपर्यंत हा वळसा घालून मागे जाऊन चेंडूवर पाय ठेवून उभा. पोरं खो खो हसली. जितेंद्रने विजयाने काकांकडे बघितलं. याहून चांगला पुरावा तो तरी कुठून आणणार होता?

काका रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "चेंडू नेलास. पन मी हललो का?"

"काका, चेंडू त्याच्याकडे आहे," जितेंद्र म्हणाला.

"असू दे. मी हितंच हाय ना?"

"अहो, पण खेळ चेंडूचा आहे."

"जितू, हे तुझं मुंबईचं मैदान नाय. हे शेत हाय. हितं पाय रोवून उभा राहील असा मानूस पाहिजे. हा पोरगा वाऱ्यानं जाईल."

मग मायकल पुढे आला. मायकल रोज सकाळी केळीचे लोंगर खांद्यावर टाकून वाडीतून टेम्पोपर्यंत नेणारा. त्याने डोकं खाली घातलं, काकांच्या छातीला खांदा लावला आणि त्यांना मागे मागे नेत थेट बांधाला टेकवलं. काका धापा टाकत हसले आणि त्यांनी मायकलच्या पाठीवर थाप मारली. मायकल पोरगा गुणी, त्याच्याबद्दल जितेंद्रची काही तक्रार नव्हती. फक्त चेंडू पायात आला की तो साप आल्यासारखा लाथाडायचा.

जितेंद्रने मग शेवटचा उपाय केला. संध्याकाळी तो काकांच्या ओटीवर गेला आणि म्हणाला, "निदान शेत सपाट करू द्या. पाणी मारतो, एक रोलर फिरवतो. मग बघा पोरं कशी खेळतात."

"रोलर फिरवलास तर मातीचा दगड होईल," काका म्हणाले. "मग पावसात भाताची आवनी कुठं करू? तुझ्या ऑफिसात?"

वैताग असा, की म्हातारा चुकत नव्हता. ज्या मातीवर त्याचं घर जेवतं ती माती फुटबॉलसाठी कोण मारून टाकेल? पण फुटबॉल मारायला मात्र सगळे तयार, हे जितेंद्रच्या डोक्यातून जाईना.

त्याने सुरजला विंगला टाकलं. तिथे काकांचा अधिकार नव्हता. पण चेंडू यायला तर हवा. मागून लाथ मारली की तो मायकलकडे, मायकलने लाथ मारली की तो ढगात. सुरज कडेला धावायचा, हात वर करायचा, परत यायचा. प्रत्येक सामन्यात हेच. जितेंद्र बांधावरून ओरडून ओरडून घसा बसवून घेई, "कडेला दे, मायकल, कडेला," आणि मायकल मान डोलावून पुन्हा चेंडू आभाळात पाठवी. पालथ्या घड्यावर पाणी.

अंतिम सामना आगाशीच्या संघाशी होता. खरं सांगायचं तर त्या दिवशी जितेंद्रला मनातून हरावंसं वाटत होतं. एकदा हरलो की काकांचे डोळे उघडतील, असा त्याचा हिशेब. पण शेवटच्या मिनिटांत उंच आलेल्या चेंडूवर मायकल धावून गेला आणि चेंडू, आगाशीचा गोलकीपर आणि स्वतः मायकल असे तिघेही एकदमच गोलात जाऊन पडले. रेफरीने शिटी मारून मध्याकडे बोट दाखवलं, म्हणजे गोल. ताशे वाजायला लागले. काका गर्दीतून वाट काढत आले आणि फक्त "बघ" म्हणाले. जितेंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण जिंकल्याचा एवढा संताप आलेला कोच त्या दिवशी तालुक्यात दुसरा नसेल.

सगळे वाजतगाजत गेल्यावर सुरज त्याच्याजवळ येऊन बसला. बुटांतली माती काढत म्हणाला, "दादा, मी काय करू ते एकदाच सांगा. माझं काय चुकतं?"

तुझं काही चुकत नाही, हे खरं उत्तर होतं. पण ते उत्तर जितेंद्रचं हंगामभर देऊन झालं होतं आणि त्याचा कुणालाच काही उपयोग झाला नव्हता. तो इतका कावला होता की म्हणाला, "अंग कमव. खा, वजन उचल, आणि एकदा त्या म्हाताऱ्याला ढकल. एकदा जागा मिळाली की मग आपल्याला हवं तसं खेळू."

सुरजने ते मनावर घेतलं. नालासोपाऱ्याला तेव्हा जिकडेतिकडे इमारती उठत होत्या. तो एका बांधकामावर लागला आणि सिमेंटच्या गोण्या उचलून जिने चढायला लागला. रंभा बाजारात भेटली की सांगायची, "भाऊ, काय मंत्र दिलात पोराला? अंडी उकडून उकडून माझं पातेलं काळं पडलं." पोराचे खांदे भरले, मान जाड झाली, जुने शर्ट बगलेत उसवायला लागले. सरावाला मात्र तो येईनासा झाला. सारखं अंग दुखायचं त्याचं. जितेंद्र म्हणायचा, हरकत नाही, आधी अंग होऊ दे. पायातली कला कुठे पळून जाते?

घरी हे बोलल्यावर जयवंती म्हणाली, "मी लग्नाआधी पेटी वाजवायची. स्पर्धेत नंबर यायचा माझा. आता बसवा मला पेटीवर."

"पेटी वेगळी," जितेंद्र म्हणाला.

"असेल," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

पुढच्या वर्षी कापणी झाली, शेत पुन्हा काकांचंच. काकांनी धोतर खोचलं. सुरज समोर आला आणि या वेळी त्याने चेंडू घेतलाच नाही. दोन पावलं मागे गेला, खांदा पुढे केला आणि काकांना असा भिडला की काका उताणे पडले. पोरं त्यांना उचलायला धावली. पण काका पडल्या पडल्या हसत होते. पाठीला लागलेल्या भाताच्या काड्या झटकत ते उठले आणि त्यांनी सुरजला पोटाशी धरलं.

"हा झाला सेंटर हाफ," ते म्हणाले. मायकलला बॅकला पाठवला. त्यालाही बरंच वाटलं, तिथे चेंडू लाथाडायला जास्त मोकळीक होती.

जितेंद्रला रात्री झोप लागली नाही. त्याने मनात सगळा संघ सुरजभोवती मांडला. कोण कुठे धावेल, सुरज वळून कुणाला देईल, कडेची पोरं कशी सुटतील. इतकी वर्षं दगडावर डोकं आपटलं, आता दगड फुटला होता.

पहिला सामना सुरू झाला. थोड्याच वेळात चेंडू सुरजकडे आला आणि दोन बाजूंनी दोघे त्याच्यावर धावले. जितेंद्र बांधावरून उठून उभा राहिला. याच क्षणासाठी त्याने काय काय ऐकून घेतलं होतं. सुरजने मागे बघितलं नाही. त्याने एकाला डावा खांदा दिला, दुसऱ्याला उजवा, दोघे बाजूला कोसळले, आणि त्याने चेंडूला सणसणीत लाथ घातली. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून पुढे गेला. लोकांनी आरोळी ठोकली.

चुकून झालं असेल, जितेंद्र स्वतःला म्हणाला. पण पुन्हा तेच झालं, आणि पुन्हा तेच. "पायात ठेव, सुरज, वळ," तो ओरडत राहिला. कडेला नवीन पोरगा हात वर करून धावत होता आणि परत येत होता. मध्यंतरापर्यंत गासचे दोन गोल झाले, दोन्ही सुरजने अंगाच्या जोरावर काढलेले.

मध्यंतरात जितेंद्रने त्याला बाजूला घेतलं. "अरे, तू वळत का नाहीस? तुझं ते मागे बघून वळणं कुठे गेलं?"

सुरज पाणी पीत होता. त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद जितेंद्रने कधी बघितला नव्हता.

"आता गरजच नाही लागत, दादा," तो म्हणाला. "आधी कोणी अंगावर आला की मोडून पडेन अशी भीती वाटायची. म्हणून मागे बघायचो. आता येऊ दे ना कोणी."

तो पळत मैदानात गेला. जितेंद्र तिथेच उभा राहिला. आपण ज्याला कला म्हणत होतो ती या पोराची भीती होती, आणि ती घालवायचा उपाय आपणच सांगितला, हे त्याच्या मनात सावकाश उतरत होतं. भीती होती म्हणून काय झालं, त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, होती तर सुंदर. पण असं कुणाला सांगता येतं?

त्याला बाहेर काढावं, असं एकदा मनात आलं. कुणाला घालणार, आणि काय सांगून? संघ दोन गोलांनी पुढे होता. रंभा बाजार लवकर आवरून पोराचा खेळ पहिल्यांदाच बघायला आली होती आणि बायकांच्या घोळक्यात उभी राहून शेजारणींना "तो मधला, तो माझा" म्हणून दाखवत होती.

बळीरामकाका येऊन बांधावर त्याच्या शेजारी बसले. बराच वेळ खेळ बघत राहिले. मग त्यांनी जितेंद्रच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मानलं तुला, जितू. ह्या पोरात कायतरी हाय म्हनत होतास, मला दिसलं नवतं. तुझंच खरं झालं."

मैदानात सुरजने आणखी एकाला आडवा केला आणि सगळा गाव त्याच्या नावाने ओरडायला लागला. रंभाने वळून जितेंद्रकडे बघितलं आणि लांबूनच हात जोडले. जितेंद्रने टाळ्या वाजवल्या. मध्यावर यालाच घ्या म्हणून गावाशी भांडलेला तोच एकटा होता.